दौतीतले शब्द : सोळाव्या शतकातील इंग्रजी शब्दवाद आणि त्याची फलश्रुती

१

इंग्रजीचा शब्दसंग्रह मिश्र आहे, हे विधान आता इतके सर्वपरिचित झाले आहे की त्यामागील संघर्षाचा जवळजवळ विसर पडला आहे. अँग्लो-सॅक्सन पाया, त्यावर स्कँडिनेव्हियन वसाहतवाल्यांच्या भाषेचा थर, १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरचा फ्रेंच थर आणि शेवटी प्रबोधनकाळातील लॅटिन-ग्रीक थर, असे एक भूस्तरशास्त्रीय चित्र भाषेच्या इतिहासग्रंथांतून रेखाटले जाते. या चित्रात थर आपोआप साचत जातात. ते कोणी साचू दिले, कोणी अडवू पाहिले, आणि साचताना खालच्या थरावर कोणता दाब पडला, हे प्रश्न त्यात उपस्थितच होत नाहीत. वस्तुतः शेवटचा थर साचत असताना इंग्लंडमध्ये सुमारे पाऊण शतक एक कडवट वाद चालू होता. शिंगाच्या दौतीला इंग्रजीत 'इंकहॉर्न' म्हणत. विद्वानाच्या दौतीतून कागदावर उतरणाऱ्या, पण कोणाच्याही तोंडी नसणाऱ्या शब्दांना त्यावरून 'इंकहॉर्न टर्म्स' हे हेटाळणीचे नाव पडले. हा वाद भाषाशास्त्राच्या इतिहासातील एक कुतूहल म्हणून सहसा उल्लेखिला जातो. परंतु शब्द कसा घडतो, कसा टिकतो आणि टिकल्यावर कोणासाठी टिकतो, या तीन प्रश्नांचा एकत्रित विचार करण्यास त्याच्याइतके अनुकूल उदाहरण क्वचितच सापडेल.

२

या वादाची पार्श्वभूमी इंग्रजीच्या सामाजिक दर्जाची आहे. नॉर्मन विजयानंतर सुमारे तीन शतके दरबार, न्यायालय आणि अभिजन यांचा व्यवहार प्रामुख्याने फ्रेंचमध्ये, तर चर्च आणि विद्याव्यवहार लॅटिनमध्ये होत असे. न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा १३६२ मध्ये झाला खरा. पण तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिला गेला होता. या काळात इंग्रजीत शिरलेले हजारो फ्रेंच शब्द सत्तेच्या मार्गाने आले. ते प्रथम कानावर पडले आणि नंतर लेखणीत उतरले. म्हणूनच त्यांच्याविरुद्ध संघटित तक्रार फारशी दिसत नाही.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस मुद्रणकलेने वेगळाच प्रश्न निर्माण केला. वेस्टमिन्स्टर येथे १४७६ मध्ये छापखाना काढणाऱ्या विल्यम कॅक्स्टनने १४९० मधील आपल्या 'एनेडॉस'च्या प्रस्तावनेत एक प्रसंग नोंदवला आहे. थेम्सवरून निघालेल्या काही व्यापाऱ्यांपैकी एकाने केंटमधील एका गृहिणीकडे अंडी मागताना 'एग्ज' हा शब्द वापरला. आपल्याला फ्रेंच येत नाही, असे तिने उत्तर दिले. तेव्हा तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. दुसऱ्याने 'आयरेन' म्हटल्यावर तिला अर्थ कळला. दोन्ही शब्द जर्मानिक कुळातलेच. 'एग' उत्तरेतील स्कँडिनेव्हियन संपर्कातून आलेला, 'आयरेन' दक्षिणेतील जुना. कॅक्स्टनची अडचण अशी की छापील पुस्तकात यांपैकी एकच शब्द घालता येतो. बोलीभाषांत शेजारी नांदणाऱ्या शब्दांतून एकाची निवड करण्याचे उत्तरदायित्व मुद्रणामुळे लेखकावर आले. या उत्तरदायित्वाच्या जाणिवेतूनच पुढील शतकातील वाद जन्मला.

सोळाव्या शतकात ग्रीक-लॅटिन ग्रंथांची भाषांतरे मोठ्या प्रमाणावर होऊ लागली आणि इंग्रजी शब्दसंपत्तीचे दारिद्र्य हा चर्चेचा विषय बनला. सर टॉमस एलियट याने १५३१ मध्ये 'द बोक नेम्ड द गव्हर्नर' हा राज्यकर्त्यांच्या शिक्षणावरील ग्रंथ लिहिला, तो भाषा समृद्ध करण्याच्या जाहीर हेतूने. 'मॅच्युरिटी' हा नवा लॅटिनोद्भव शब्द वापरताना त्याने त्याचे समर्थनही केले. 'राइप' हा देशी शब्द फळांसाठी आणि तत्सम वस्तूंसाठी राखावा आणि माणसाच्या कृतीतील समतोल परिपक्वतेसाठी नवा शब्द योजावा, असा त्याचा युक्तिवाद आहे. तो महत्त्वाचा आहे. उसना शब्द म्हणजे देशी शब्दाची जागा घेणारा प्रतिस्पर्धी नव्हे, तर अर्थक्षेत्राची नवी वाटणी करणारा भागीदार, ही कल्पना येथे स्पष्टपणे मांडली गेली. नवा शब्द वाचकाच्या गळी उतरावा म्हणून एलियट त्याच्याशेजारी परिचित पर्याय ठेवतो. 'अ‍ॅनिमेट' म्हणजे धैर्य देणे, 'एज्युकेशन' म्हणजे मुलांना वाढवणे. विशेष म्हणजे 'अ‍ॅनिमेट'चा अर्थ सांगण्यासाठी वापरलेला 'करेज' हा शब्दही मुळात फ्रेंचच. दोन-तीन शतकांपूर्वीचा उपरा आता घरचा होऊन नव्या उपऱ्याची ओळख करून देत होता.

३

विरोधकांची बाजू तीन वेगवेगळ्या भूमिकांतून मांडली गेली, आणि त्या एकच समजणे ही या वादाच्या विवेचनातील नेहमीची गफलत आहे.

पहिली भूमिका औचित्याची. टॉमस विल्सनने १५५३ मधील 'द आर्ट ऑफ ऱ्हेटरिक' या ग्रंथात धर्मपद मिळवू पाहणाऱ्या एका लिंकनशरवासी गृहस्थाचे पत्र विडंबनार्थ दिले आहे. पत्र लॅटिन शब्दांनी इतके बुजबुजलेले आहे की अर्थ लागेनासा व्हावा. विल्सनचा आक्षेप शब्दाच्या कुळावर नाही. श्रोत्याला न कळणारे बोलणे हा वक्तृत्वशास्त्राच्या दृष्टीने दोष आहे, एवढेच त्याचे म्हणणे. उसने घेण्यास त्याचा सरसकट विरोध नव्हता.

दुसरी भूमिका शुद्धीची. केंब्रिजमधील ग्रीकचा प्राध्यापक सर जॉन चीक याने १५५७ मध्ये टॉमस होबीला लिहिलेल्या पत्रात इंग्रजी निर्भेळ लिहिली जावी असा आग्रह धरला. सतत कर्ज काढणाऱ्या आणि कधीही न फेडणाऱ्या भाषेचे अखेर दिवाळे निघेल, असे त्याचे आर्थिक रूपक होते. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करताना त्याने हे तत्त्व आचरणातही आणले. 'क्रूसिफाइड'साठी 'क्रॉस्ड', 'रेझरेक्शन'साठी 'गेनरायझिंग', 'सेंच्युरियन'साठी 'हंड्रेडर' असे शब्द त्याने घडवले. यातील विरोधाभास दुहेरी आहे. स्वभाषेच्या शुद्धीचा कैवार घेणारा हा मनुष्य त्या काळातील अग्रगण्य ग्रीक विद्वान होता. आणि आपल्या भूमिकेसाठी त्याने योजलेला 'प्युअर' हा शब्दच फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला होता.

तिसरी भूमिका शास्त्रीय परिभाषेची. राल्फ लीव्हरने १५७३ मध्ये तर्कशास्त्रावर इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि 'लॉजिक'ला 'विटक्राफ्ट' असे नाव दिले. 'डेफिनिशन'ला 'सेव्हॉट', 'कन्क्लूजन'ला 'एंडसे', होकाराला 'येसे', नकाराला 'नेसे' असे पारिभाषिक शब्द त्याने योजले. सामान्य इंग्रजी भाषकाला शब्दाच्या घटकांवरून अर्थाचा अंदाज यावा, हा त्याचा हेतू. देशी शब्दांचे समास घडवण्याची इंग्रजीची जुनी क्षमता अद्याप जिवंत आहे, हे त्याने दाखवून दिले. तरीही त्याची परिभाषा रुजली नाही.

४

ती का रुजली नाही, याचे नेहमीचे उत्तर असे की हे शब्द कृत्रिम आणि हास्यास्पद होते. हे उत्तर टिकणारे नाही, हे त्याच काळातील उपहासाच्या याद्या तपासल्या की ध्यानात येते. विल्सनच्या विडंबनपत्रात हास्यास्पद म्हणून घातलेल्या शब्दांत 'सेलिब्रेट', 'एक्स्टॉल', 'डेक्स्टेरिटी', 'अ‍ॅफॅबिलिटी', 'फर्टाइल', 'सुपीरिऑरिटी' आहेत. आणि 'ऑब्टेस्टेट', 'स्प्लेंडिडियस' हेही आहेत. पहिल्या गटातील शब्द आज कोणालाही खटकत नाहीत, दुसऱ्या गटातील कोणालाही कळत नाहीत. जॉर्ज पटनमने १५८९ च्या 'द आर्ट ऑफ इंग्लिश पोएसी'मध्ये 'मेथड', 'पेनिट्रेट', 'सायंटिफिक' यांसारख्या शब्दांची बाजू घेतली आणि 'ऑडेशस', 'इग्रीजस', 'कम्पॅटिबल', 'फॅकंडिटी', 'इम्प्लीट' नाकारले. नाकारलेल्यांपैकी पहिले तीन जगले, नंतरचे दोन मेले.

सर्वांत बोलके उदाहरण बेन जॉन्सनच्या 'पोएटॅस्टर' या १६०१ मधील नाटकाचे. त्यात क्रिस्पिनस या पात्राला, म्हणजे पर्यायाने जॉन मार्स्टन या समकालीन नाटककाराला, ऑगस्टस सीझरच्या उपस्थितीत वांतीचे औषध दिले जाते आणि तो एकेक शब्द ओकतो. ल्युशियनच्या ग्रीक संवादावरून बेतलेल्या या प्रवेशात बाहेर पडणाऱ्या शब्दांत 'ऑब्स्टुपिफॅक्ट' आणि 'ऑब्लॅट्रंट' आहेत, तसेच 'स्ट्रेन्युअस', 'स्प्युरियस', 'रेसिप्रोकल', 'डिफंक्ट' आणि 'कॉन्शस'ही आहेत. इतकेच नव्हे तर लॅटिनशी काही संबंध नसलेला 'क्लम्झी' हा शब्दही त्याच भांड्यात पडतो. जॉन्सनसारख्या भाषेच्या जाणत्यालाही मरणारे आणि जगणारे शब्द वेगळे ओळखता आले नाहीत. पुढे शतक संपण्याआधीच, जॉन लॉकच्या व्यक्तिगत तादात्म्याच्या विवेचनात 'कॉन्शसनेस' ही मध्यवर्ती संकल्पना झाली. वांतीतून पडलेल्या शब्दाचे कुळ आधुनिक तत्त्वज्ञानाच्या केंद्रस्थानी यावे, ही घटना शब्दांविषयी भविष्य वर्तवणाऱ्या कोणत्याही समीक्षकाला सावध करणारी आहे.

शब्दाचे कुळ, त्याची श्राव्यता किंवा विद्वानांची संमती यांपैकी कशानेही त्याचे आयुष्य ठरत नाही. एलियटने सूचित केलेला अर्थविभागणीचा नियम मात्र बऱ्याच अंशी लागू पडतो. 'इम्प्लीट'ला करण्यासारखे वेगळे काम उरले नव्हते. 'ऑडेशस'ने 'बोल्ड'पासून फटकून उद्धटपणाकडे झुकणारी छटा घेतली आणि तो टिकला. 'इग्रीजस' याचा मूळ लॅटिन अर्थ कळपातून उठून दिसणारा, म्हणून श्रेष्ठ. तो उपरोधाच्या वाटेने ठळकपणे वाईट या अर्थाला पोहोचला आणि तेथे स्थिरावला. 'आस्क', 'क्वेश्चन', 'इंटेरोगेट' किंवा 'किंगली', 'रॉयल', 'रीगल' या देशी-फ्रेंच-लॅटिन त्रयींत अर्थ एकच वाटला तरी व्यवहार वेगळा आहे. पोलिसी चौकशीत 'इंटेरोगेट' शोभतो; आई मुलाला प्रश्न विचारते तेव्हा शोभत नाही.

या विभागणीत जुन्या शब्दांनाही सरकावे लागते. 'डिअर' या शब्दाचा जुना अर्थ कोणताही पशू असा होता. जर्मनमधील 'टीअर'चा तो आजही आहे. फ्रेंचमधून आलेल्या 'बीस्ट'ने सामान्य अर्थ बळकावला तेव्हा 'डिअर' हरणापुरता संकोचला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'अ‍ॅनिमल' आला. १६११ च्या बायबल भाषांतरात तो नाही, तेथे 'बीस्ट'च आहे. पुढे 'अ‍ॅनिमल' रुळला आणि 'बीस्ट' हिंस्र, पाशवी या दिशेला ढकलला गेला. अर्थसंकोच, अर्थापकर्ष अशा स्वतंत्र मथळ्यांखाली या घटना नोंदवल्या जातात. प्रत्यक्षात ती एकाच घरातील माणसांची जागेसाठी झालेली हलवाहलव आहे.

५

शब्दसिद्धीच्या पातळीवर तर देशी-परकी ही सीमारेषा वाद पेटण्याआधीच पुसट झाली होती. 'एबल' हा प्रत्यय 'प्रॉफिटेबल', 'अ‍ॅग्रिएबल' अशा आयत्या फ्रेंच शब्दांबरोबर आला. असे पुरेसे शब्द जमल्यावर भाषकांना प्रत्यय वेगळा दिसू लागला आणि तो अस्सल देशी धातूंना लागला. मध्य-इंग्रजीच्या काळातच 'बिलीव्हेबल', 'अंडरस्टँडेबल' ही रूपे घडली. उलट बाजूने 'ब्यूटी' या फ्रेंच शब्दाला 'फुल' हा देशी प्रत्यय लागून 'ब्यूटिफुल' झाला. स्वतंत्र शब्द झिजून प्रत्यय होण्याची प्रक्रियाही जुनीच. 'किंगडम', 'फ्रीडम' यांतील 'डम' म्हणजे पूर्वीचा न्याय, निवाडा या अर्थाचा शब्द. तोच 'डूम' या रूपाने वेगळाही जगला. नकारदर्शक देशी 'अन' आणि लॅटिन 'इन' यांची स्पर्धा दीर्घकाळ अनिर्णित होती. १६११ च्या बायबलमध्ये काही ठिकाणी 'अनपॉसिबल' असे रूप आढळते.

विद्वत्तेचा दाब शब्दांच्या लेखनावरही पडला. कर्ज या अर्थाचा 'डेट' आणि संशय या अर्थाचा 'डाउट' हे फ्रेंचमधून आले तेव्हा त्यांत 'बी' हे अक्षर नव्हते. लॅटिन मूळ दाखवण्यासाठी ते घुसडण्यात आले. उच्चारात ते कधीच उतरले नाही. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मधील होलोफर्नीझ हा पंतोजी तो 'बी' उच्चारला जात नाही म्हणून संतापतो. लिहिलेले तेच खरे मानणाऱ्या विद्वत्तेची ही थट्टा आहे. पण शुद्धलेखनापुरता विजय होलोफर्नीझचाच झाला, हेही नाकारता येत नाही.

६

येथपर्यंतचे विवेचन समृद्धीची कथा म्हणून वाचता येईल, आणि बहुतेक इतिहासकार ती तशीच सांगतात. तिची दुसरी बाजू १६०४ मध्ये प्रकट झाली. रॉबर्ट कॉड्रीचा सुमारे २५०० शब्दांचा 'अ टेबल अल्फबेटिकल' हा पहिला एकभाषिक इंग्रजी कोश मानला जातो. तो सर्व शब्दांचा कोश नव्हता. त्यात केवळ अवघड शब्द होते, आणि तो स्त्रिया व इतर अनभिज्ञ व्यक्तींच्या उपयोगासाठी आहे, असे मुखपृष्ठावरच नमूद केले होते. लॅटिन शिकवणाऱ्या ग्रामर स्कूलचे दरवाजे मुलींना बंद होते. आपल्याच भाषेतील शब्दांचा अर्थ आपल्याच भाषेत समजावून घेण्याची गरज असणारा एक वर्ग निर्माण झाला होता, हे या कोशाच्या अस्तित्वावरूनच सिद्ध होते.

इंग्रजीत तोंडाला 'माउथ', पण विशेषण 'ओरल'. चंद्राला 'मून', पण विशेषण 'लूनर'. मनाला 'माइंड', पण विशेषण 'मेंटल'. नाम घरात शिकता येते, विशेषण शाळेत. लीव्हरच्या 'एंडसे'वर हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावयास हवे की शब्दाच्या घटकांवरून अर्थ उलगडण्याची जी सोय त्याला हवी होती, तीच इंग्रजीने बऱ्याच अंशी गमावली. ओटो येस्पर्सनने १९०५ मधील आपल्या इंग्रजीच्या इतिहासात अभिजात भाषांतून आलेल्या शब्दांच्या लोकशाहीविरोधी परिणामाकडे लक्ष वेधले, ते याच कारणाने. 'मच अ‍ॅडू अबाउट नथिंग'मधील डॉगबेरीपासून शेरिडनच्या 'द रायव्हल्स'मधील (१७७५) मिसेस मॅलप्रॉपपर्यंत भारदस्त शब्द चुकीच्या जागी वापरणाऱ्या पात्रांची जी परंपरा इंग्रजी सुखात्मिकेत आढळते, तिचे हास्य या दरीच्या काठावर उभे आहे. हसणारा प्रेक्षक लॅटिनच्या अलीकडचा की पलीकडचा, हे त्या हास्यातच ठरते.

म्हणून शुद्धिवाद पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. विल्यम बार्न्सने १८७८ मध्ये व्याकरणाला 'स्पीचक्राफ्ट' म्हटले, आणि 'ऑम्निबस'ला 'फोकवेन' असा पर्याय सुचवला. ऑर्वेलने १९४६ मध्ये लॅटिन शब्दांच्या भारदस्तपणाआड लपणाऱ्या राजकीय गद्यावर हल्ला चढवला. बार्न्सचे शब्द विसरले गेले. परंतु विल्यम टॉम्सने १८४६ मध्ये देशी घटकांतून घडवलेला 'फोकलोअर' जगभर गेला, कारण एका नव्या अभ्यासविषयाला नाव हवे होते आणि ते वेळेवर मिळाले. देशी समासांची शक्ती संपली होती, हा चीक आणि लीव्हर यांच्या पराभवाचा अर्थ लावता येत नाही.

७

साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने या इतिहासाचे मोल काय? रिचर्ड ट्रेंचने १८५७ मध्ये फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे असे प्रतिपादन केले की कोशकार हा भाषेचा इतिहासकार आहे, टीकाकार नव्हे. या भूमिकेतून पुढे ऑक्सफर्ड कोश आकाराला आला. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि अखेरचा १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु इतिहासही कोणाच्या तरी वाचनातून घडतो. युर्गेन शेफरने १९८० मध्ये दाखवून दिले की या कोशाच्या वाचकांनी शेक्सपिअर जितका बारकाईने चाळला तितका नॅशसारखा समकालीन चाळला नाही. परिणामी अनेक शब्दांच्या प्रथम वापराचे श्रेय शेक्सपिअरच्या पदरी पडले. जुन्या मुद्रित ग्रंथांचे संगणकीय संग्रह उपलब्ध झाल्यापासून अशा अनेक नोंदी मागे सरकल्या आहेत. एका प्रतिभावंताने भाषा घडवली, या स्वच्छंदतावादी कल्पनेला त्यामुळे धक्का बसतो. शब्द अनेकांनी चाचपून पाहिले. त्यांतील काही त्याच्या नाटकांत नोंदले गेले.

दुसरा लाभ वाचनपद्धतीचा. सी. एस. लुइसने 'स्टडीज इन वर्ड्स'मध्ये (१९६०) इशारा दिला आहे की जुना मजकूर वाचताना अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्द अधिक घातक असतात. अनोळखी शब्दासाठी वाचक कोश उघडतो. ओळखीच्या शब्दात आजचा अर्थ नकळत भरतो. 'इंडिव्हिज्युअल' हे विशेषण मूळ लॅटिनमध्ये अविभाज्य या अर्थाचे. मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) ते ॲडम आणि ईव्ह यांच्या संदर्भात येते, ते अभिन्न या अर्थाने. आजच्या वाचकाने तेथे स्वतंत्र, सुटी व्यक्ती पाहिली तर अर्थाचा अनर्थ होतो. समूहापासून वेगळा न काढता येणारा, या अर्थापासून समूहापासून वेगळा असलेला, या अर्थापर्यंतचा प्रवास रेमंड विल्यम्सने 'कीवर्ड्स'मध्ये (१९७६) समाजरचनेतील स्थित्यंतराशी जोडून दाखवला. शब्दाच्या पोटात असे परस्परविरोधी अर्थ एकाच वेळी नांदतात आणि त्यांच्यातील ताण हाच कवितेचा आशय होऊ शकतो, हे विल्यम एम्पसनने १९५१ मध्येच विस्ताराने मांडले होते.

८

या इतिहासाची तुलना मराठीतील शुद्धिवादाशी करण्याचा मोह स्वाभाविक आहे. मात्र साम्यापेक्षा भेद अधिक उद्बोधक आहे. शिवकालीन 'राजव्यवहारकोशा'ने फारसी-अरबी परिभाषेला संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीने 'तारीख'ऐवजी 'दिनांक', 'मेयर'ऐवजी 'महापौर' सुचवले. चीक आणि लीव्हर अभिजात भाषेकडून बोलीकडे निघाले होते. मराठीतील शुद्धिवाद बोलीत मुरलेल्या शब्दांकडून अभिजात भाषेकडे निघाला. 'शुद्ध' हा एकच शब्द दोन विरुद्ध दिशा दाखवतो. चीकच्या कसोटीने 'दिनांक' हाच दौतीतला शब्द ठरेल, आणि 'तारीख' केंटमधील गृहिणीला कळणारा. तेव्हा शुद्धीची कोणतीही मागणी तपासताना भाषेचे कोणते रूप मूळ मानले जात आहे, आणि तसे मानण्याचा अधिकार कोणी घेतला आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

शब्दवादाचा निकाल कोणत्याही पक्षाने लावला नाही. एलियटला हवी होती ती समृद्धी आली. चीकला भीती होती ते दिवाळे निघाले नाही. पण कर्जाची परतफेड झालीच नाही असे नाही. ती ग्रामर स्कूलबाहेर राहिलेल्या भाषकांनी केली, आणि अवघड शब्दांच्या कोशांच्या रूपाने ती पुढेही चालू राहिली. इंग्रजी शब्दांच्या संपन्नतेचे कौतुक करताना हा हिशेब वगळला, तर शब्दांचा इतिहास केवळ संग्रहाचा इतिहास उरतो, भाषकांचा इतिहास होत नाही.